‘छिन्न’ काढा, पण केसपेपरवरचा कोड राहू द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

स्किझोफ्रेनियाला मराठीत ‘छिन्नमनस्कता’ म्हणतात. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये ग्रीक शब्द जोडून केलेल्या नावाचे हे शब्दशः भाषांतर. इंग्रजी बोलणाऱ्याला ते ग्रीक टोचत नाही. मराठी कानाला मात्र ‘छिन्न’पाठोपाठ ‘विच्छिन्न’ ऐकू येते. आजारात मनाचे तुकडे पडत नाहीत, एका अंगात दोन माणसेही राहत नाहीत. भास होतात, संशय घट्ट बसतो, विचारांची सांगड सुटते, उमेद ओसरते.

जपानमध्येही जुन्या नावाचा ‘मन दुभंगल्याचा रोग’ हा अर्थ चित्रलिपीत उघड दिसे. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने 1993 मध्ये बदल मागितला. 2002 मध्ये ‘एकसंधपणा ढळण्याचा विकार’ अशा अर्थाचे नाव आले. त्या वर्षी 36.7 टक्के रुग्णांना निदान सांगितले जाई, 2004 मध्ये 69.7 टक्के. खरी कमाई ती. दक्षिण कोरियाने तंतुवाद्य सुरात लावण्याच्या कल्पनेवरून नाव घेतले. पण गाजलेल्या गुन्ह्यांच्या बातम्यांत तेच झळकू लागले आणि तेही डागाळले.

आपल्या सीमाभागात कागद इंग्रजीत, समजावणे कन्नडमध्ये आणि घर मराठीत. खानापूर-निपाणीकडच्या आईच्या पदरात शेवटी ‘हुच्चु’ (कन्नडमध्ये वेड) नाही तर ‘खूळ’ एवढेच पडते. ‘डोक्याचा ताण आहे’ असे सांगून वेळ मारून नेली, तर भास थांबताच गोळ्याही थांबतात. पहिल्याच झटक्यानंतरसुद्धा औषध साधारण वर्ष-दोन वर्षे घ्यायचे असते, हे नाव न सांगता पटवायचे कसे?

नवे नाव दोन्ही भाषांत चालायला हवे. ‘विकार’ आपल्याला साधा वाटतो; कन्नडमध्ये मात्र तो ‘विद्रूप’ या अर्थाने कानावर पडतो. ‘विचार’ आणि ‘समन्वय’ दोन्हीकडे ओळखीचे, तेव्हा ‘विचार-समन्वयाचा आजार’ घेऊन पाहावे. नाव सांगावे, पुढच्या खेपेस नातेवाइकांकडून तेच वदवून घ्यावे. अर्थ उलटा सांगितला गेला, तर नाव बदलावे, नातेवाइकांना दोष देऊ नये.

कागदावर मात्र नुसते नवे नाव लिहू नये. शेजारी इंग्रजी नाव आणि आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला (आयसीडी) एफ 20 हा कोड (त्याच्या नव्या अकराव्या आवृत्तीप्रमाणे 6ए20) हवाच. नाहीतर धारवाडच्या डिम्हान्सला किंवा बेंगळुरूच्या निम्हान्सला, म्हणजे मानसिक आजारांच्या मोठ्या रुग्णालयांना, पाठवलेली चिठ्ठी तिथे कोड्यात टाकेल आणि विम्याचा दावा अडेल. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शारीरिक आजारांइतकेच विमासंरक्षण मानसिक आजारांनाही दिले आहे, पण खिडकीवरचा कारकून कायदा नव्हे, रकाना बघतो.

आपल्या दैनिकाकडूनही अपेक्षा आहे. धरसोड करणाऱ्या पक्षाला अग्रलेखात ‘छिन्नमनस्क’ म्हणू नये. निदान झालेले नसताना ‘मनोरुग्णाचा हल्ला’ असा मथळा देऊ नये. अशा बातमीखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक छापावा; तिथे भाषा निवडता येते.

— मानसिक आरोग्य क्षेत्रात काम करणारे काही वाचक, बेळगाव