ई-मेल फळ्यावर नको, प्रत्यक्ष पाठवून शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या पत्रलेखनात मुले विषय, मायना, मजकूर हा साचा पाठ करतात, गुणही मिळवतात. पण निकालानंतर गुणपत्रिकेतल्या नावाची दुरुस्ती, वसतिगृहाची चौकशी किंवा अडलेली शिष्यवृत्ती यासाठी खरा मेल करायची वेळ आली की तीच मुले विषयाचा रकाना कोरा ठेवून 'सर प्लीज रिप्लाय' एवढेच लिहितात. मंडणगड किंवा दोडामार्गच्या मुलाची मुंबईची एक खेप नीट लिहिलेल्या मेलने वाचू शकते. म्हणून शाळांनी नववी-दहावीला निदान दोन तास प्रत्यक्ष मेल पाठवण्यासाठी द्यावेत.

आधी मुलाचा स्वतःचा आयडी हवा. पुष्कळदा तो फॉर्म भरताना दुकानात घाईने उघडलेला असतो आणि पासवर्ड मुलाला ठाऊकच नसतो. आयडीत नाव-आडनाव असावे, पासवर्ड विसरल्यास खाते परत मिळावे म्हणून रिकव्हरीला पालकांचा चालू मोबाइल नंबर द्यावा. दोन वर्षे न उघडलेले खाते गूगल काढून टाकू शकते, हेही सांगावे.

लिहिण्याचा क्रम मात्र उलटा शिकवावा: आधी फाइल जोडायची, मग विषय आणि मजकूर, 'टू'मधला पत्ता सर्वांत शेवटी. पत्ताच नसला तर चुकून बोट लागले तरी अर्धवट मेल जात नाही, आणि 'सोबत जोडले आहे' लिहून जोडायचे विसरत नाही.

फोनवर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात. 'विनंती अर्ज' यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'दहावी गुणपत्रिका – आईच्या नावात दुरुस्ती' यातून सगळे कळते. मजकुरात पहिल्याच वाक्यात काय हवे ते, मग आसन क्रमांक, वर्ष आणि शाळा, मग काय जोडले आहे ते. आठ-दहा ओळी पुरतात. राज्य सरकारच्या कार्यालयाला मराठीत लिहायला मुलांनी कचरू नये. १९६४च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभाराची भाषा मराठीच आहे. फक्त टंकलेखन युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा अक्षरांत हवे. जुन्या फॉन्टमधला मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोर निरर्थक अक्षरे उमटतात.

खाली सही म्हणून नुसते 'आपला विश्वासू, सुर्वे' चालणार नाही. आपल्याकडे अख्ख्या वाडीचे आडनाव एक असते, एका नावाची गावेही अनेक. स्वतःचे, वडिलांचे नाव, आडनाव, गाव, तालुका, पिनकोड आणि मोबाइल नंबर, सगळे हवे.

सर्वाधिक मेल जोडपत्रांवर अडतात. कागदाचे तिरके, सावली पडलेले फोटो नकोत. फोनवर स्कॅन करून सगळ्या पानांची एकच पीडीएफ करावी आणि फाइलला मुलाचे व कागदाचे नाव द्यावे. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. त्यापुढे फाइल गूगल ड्राइव्हच्या लिंकने जाते, आणि लिंक पाहायची परवानगी दिलेली नसली तर समोरच्याला ती उघडत नाही. आधार मागितलेच असेल तर, चालत असल्यास, शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार जोडावे. मेलची प्रत ज्यांना जाते ते 'सीसी'तले पत्ते सर्वांना दिसतात, म्हणून तिथे शाळेचा किंवा पालकांचाच पत्ता असावा.

पावसाळ्यात रेंज गेली की मेल 'आउटबॉक्स'मध्येच पडून राहतो आणि मुलाला वाटते, गेला. 'सेंट'मध्ये दिसला तरच तो निघाला. थोड्या वेळाने इनबॉक्सही पाहावा, कारण पत्ता चुकला असेल तर मेल परत आल्याची सूचना तिथेच येते. आठवडाभरात उत्तर नाही आले, तर स्पॅम तपासून त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण करावी. नवा मेल सुरू केला की आधीच्या मेलशी आणि कागदांशी दुवा तुटतो.

या तासांचे गुण वहीवरून देऊ नयेत. मुलांनी शाळेच्या पत्त्यावर मेल करावा आणि शिक्षकांनी तो दुसऱ्या फोनवर उघडून विषय, सही आणि जोडलेली फाइल तपासावी.

आपले विश्वासू,
मराठी व संगणक शिकवणारे काही शिक्षक,
रत्नागिरी जिल्हा