येळवशीच्या रानातून

सोलापूर

प्रिय सुनंदा,

काल येळवस, म्हणजे वेळ अमावास्या झाली. अक्कलकोट रोडच्या रानात कडब्याची कोपी घातली, चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव पूजले. बिंदगंभर आंबील आणि भज्जी. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, चिंचेचा कोळ, बेसन. सासूबाई सारख्या ढवळत होत्या. पळी पातेल्यात मधोमध उभी राहिली, तेव्हा कुठे त्यांनी जाळ मागे ओढला.

जेवताना मला अमेरिकेतले मूळनिवासी नवाहो लोक आठवत राहिले. महिनाभर त्यांच्याबद्दलच वाचतेय. अमेरिकन सैन्याने त्यांची मक्याची शेतं जाळली, पीचची झाडं तोडली आणि १८६४ मध्ये शेकडो मैल चालवत त्यांना बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. तिथे शिधा काय, तर पांढरं पीठ आणि चरबी. त्यातून तळलेली फ्राय ब्रेड आली. बायकांनी त्यावर लेकरं जगवली, म्हणून तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण ते धान्य त्यांनी निवडलेलं नव्हतं, सुनंदा. १८६८ च्या तहानंतर ते आपल्या मुलखात परतले.

त्यांची निळ्या मक्याची पेज मात्र टिकली. तिच्यात जुनिपरच्या झाडाच्या हिरव्या फांद्यांची राख घालतात, त्या राखेतून कॅल्शियम मिळतं. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना नायसिन न मिळाल्याने होणारा पेलाग्रा हा रोग झाला. म्हणजे ज्ञान चुलीपाशीच होतं! ओग्लाला लाकोटा या तिथल्याच मूळनिवासी जमातीतले शेफ शॉन शर्मन यांनी २०२१ मध्ये मिनियापोलिसला ‘ओवामनी’ हे रेस्टॉरंट उघडलं. तिथे गव्हाचं पीठ नाही, दूध नाही, उसाची साखर नाही. पुढच्याच वर्षी त्याला देशातल्या सर्वोत्तम नव्या रेस्टॉरंटचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. बाहेरून आलेलं बाजूला ठेवूनही पंगत भरते, हे वाचून मला फार बरं वाटलं.

आणि मग आपली सोलापूरची सेटलमेंट वस्ती आठवली. इंग्रजांच्या १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेली माणसं, पारधीही त्यांत आले, इथे तारेच्या आत डांबली. १९५२ ला तो कायदा गेला. पारधी तर शिकारीवर, रानातल्या खाण्यावर जगणारे आदिवासी. आपल्या वर्गात त्या वस्तीतल्या मुली होत्या, आपण एका बाकावर डबा खाल्ला. त्यांच्या आज्या तारेआड काय रांधत होत्या, काय रांधायचं विसरल्या, हे आपण कधीच विचारलं नाही. मला त्याची फार लाज वाटते. येत्या रविवारी जाते आणि कुणी आजी सांगेल ते ऐकून घेते. तूही चल ना.

सोबत मालदांडी ज्वारीचं पीठ पाठवतेय, परवाच दळलंय. पुण्याला तुझ्या घरी पोळ्याच होतात, माहितीये मला. आधण चांगलं उकळू दे, पीठ गरम असतानाच मळ आणि लाटू नकोस, थाप.

तुझीच,
शोभा