टोकनासोबत कोणते हक्क विकले, ते आधी लिहून द्यायला लावा

मा. ग्राहक व्यवहार मंत्री यांस,

स. न. वि. वि.

डिजिटल संग्राह्य टोकनांचा, म्हणजे एखाद्या चित्राच्या नावाने विकल्या जाणाऱ्या संगणकी नोंदींचा (एनएफटींचा) विषय निघाला की फाइल कॉपीराइटवाल्यांकडे नाहीतर अर्थखात्याकडे जाते. मी मुद्दाम तुम्हाला लिहीत आहे. यात नाडला जातो तो ग्राहक, आणि तोही ‘खरेदी करा’ हे बटण दाबतानाच.

मार्च २०२१ मध्ये बीपल या चित्रकाराचे टोकन क्रिस्टीज या लिलावगृहाच्या लिलावात ६ कोटी ९० लाख डॉलरच्या वर गेले. एवढे मोजूनही चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहिला. त्यात गैर काही नाही. भिंतीवर लावायला चित्र घेतले म्हणून त्याची कॅलेंडरे छापायचा हक्क मिळत नाही, हे जुनेच आहे. पण ते चित्र निदान घरी तरी येते. टोकनात बहुतेक वेळा असतो एक क्रमांक आणि एक लिंक. चित्र दुसऱ्याच कुणाच्या तरी सर्व्हरवर. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स या क्रिप्टो-बाजाराचे दिवाळे निघाले आणि पुढे तिथे ठेवलेल्या टोकनांच्या लिंक दिवाळखोरीची माहिती देणाऱ्या पानावर जाऊ लागल्या. टोकन ग्राहकाच्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात, शाबूत, चित्राचा पत्ता नाही.

खरा घोळ मात्र परवान्याचा, म्हणजे चित्र कसे वापरता येईल याच्या परवानगीचा आहे. टोकन ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या नोंदवहीत असते, ते कुणाला बदलता येत नाही, असे सांगून ते विकतात. परवान्याच्या अटी असतात कंपनीच्या वेबसाइटवर, आणि त्या एका रात्रीत बदलता येतात. मूनबर्ड्स या पक्ष्यांच्या चित्रांच्या टोकनांचेच पाहा. आपल्या पक्ष्याच्या चित्राचे व्यापारी हक्क आपलेच, या भरवशावर लोकांनी २०२२ मध्ये ती टोकने घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने सगळी चित्रे सीसी-झिरोखाली, म्हणजे कॉपीराइटचे हक्क सोडून देणाऱ्या परवान्याखाली, खुली केली. म्हणजे ज्याच्याकडे टोकन नाही त्यालाही तेच चित्र टीशर्टवर छापून विकायची मुभा. चित्रे खुली करणे वाईट नाही. पण हक्काचे पैसे मोजलेल्यांना आधी विचारायला नको? याउलट क्रिप्टोकिटीज या मांजरांच्या चित्रांच्या टोकनांच्या परवान्यात, चित्र वापरून वर्षाला १ लाख डॉलरपर्यंतच्या उत्पन्नाची मर्यादा आकड्यासकट लिहिलेली होती. अट जाचक वाटेल, पण निदान समोर होती.

आणि विकणारा तरी मूळ हक्कदार असतो का? जानेवारी २०२२ मध्ये ओपनसी या टोकनांच्या ऑनलाइन बाजारानेच सांगितले, की टोकन फुकट बनवण्याच्या त्यांच्या सोयीतून बनलेल्या टोकनांपैकी ८० टक्क्यांहून अधिक चोरीची, बनावट किंवा स्पॅम होती.

अमेरिकेच्या कॉपीराइट आणि पेटंट कार्यालयांनी मार्च २०२४ च्या अहवालात म्हटले, की यासाठी बौद्धिक संपदेचे कायदे बदलायची गरज नाही. मलाही ते पटते. त्यांनी भर दिला तो जनजागृतीवर. जनजागृतीने काय होते, हे तुमच्या खात्याला मी सांगायला नको.

म्हणून नवा कायदा नको, विक्रीचा नियम हवा. पैसे घेण्याआधी, त्याच पानावर, साध्या भाषेत लिहिलेले असावे : कॉपीराइट कुणाकडे राहतो, ग्राहकाला चित्राचे काय करता येईल, टोकन पुढे विकले तर परवाना नव्या मालकाकडे जातो का, फाइल कुठे ठेवली आहे. विकणाऱ्याने ‘हे काम माझे आहे किंवा माझ्याकडे परवानगी आहे’ असे हमीपत्र द्यावे; ते खोटे निघाल्यास पैसे परत. आणि विक्रीनंतर बदललेली अट जुन्या खरेदीदाराला त्याच्या संमतीशिवाय लागू होऊ नये.

मसुदा काढाल तेव्हा सुनावणीला कंपन्यांच्या वकिलांसोबत चित्रकारांना आणि टोकन घेणाऱ्यांनाही बोलवावे, ही विनंती.

आपला,
एक ग्राहक