तुझा किनारा, माझा किनारा

मालवण,
21 जुलै

प्रिय अविनाश,

तुझं पत्र आलं त्याच सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर मास्क्ड बुबी हा समुद्रपक्षी सापडला, म्हणून उत्तराला उशीर. रात्रभर वारा घोंघावत होता. उजाडल्यावर पाहतो तर जाळ्यांच्या ढिगाशी पंख सैल सोडून बसलेला, भोवती कावळे. डोकं तपकिरी, मानेला पांढरा पट्टा, अजून लहानच. चोचीच्या टोकावरून थेंब गळत होते. आजारी वाटेल, पण ते मीठ रे! डोळ्यांपाशी असलेल्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ बाहेर टाकतात, ते असं ठिबकतं. शेजारचे तात्या म्हणाले, "ह्यो हयलो नाय, भायर खोल दर्यावरचो आसा." टॉवेल टाकून अलगद खोक्यात ठेवला आणि वनखात्याच्या माणसांकडे दिला.

तू विचारतोस, कोचीहून बोटीने गेलं की शिअरवॉटर आणि वादळी पाखरं (स्टॉर्म पेट्रेल) असे भर समुद्रातले पक्षी दिसतात, मग कोकणात का नाहीत? अरे, समुद्र एकच, पण तळ वेगळा. शाळेत शिकलेली ती समुद्रबूड जमीन आठवते? मुंबईसमोर ती 300 किलोमीटरच्या आसपास पसरलीय, दक्षिणेकडे निमुळती होत तुझ्या कोचीसमोर 60-70 वर येते. तिथून तळ एकदम खोल जातो. पावसाळ्यात तुमच्या बाजूला खालचं थंड, सकस पाणी वर येतं, त्यावर मासळी आणि मासळीवर पाखरं. विल्सनचं वादळी पाखरू अंटार्क्टिकाकडे वीण आटपून इतक्या लांब येतं. वजन जेमतेम 35-40 ग्रॅम! आमच्या बोटी त्या खोल पाण्यापर्यंत क्वचित पोचतात, आणि पावसाळ्यात तर त्या किनाऱ्यालाच ओढलेल्या.

म्हणून आमच्याकडे पाखरं येतात ती वाऱ्याने आणलेली. नैर्ऋत्येचा वारा दिवसचे दिवस किनाऱ्याकडे रेटतो, थकलेलं पिल्लू त्याच्यापुढे टिकत नाही. हे बुबी ओमानजवळच्या 'हल्लानियात' नावाच्या बेटांवरही वीण घालतात. पेपरात अशांना 'दुर्मिळ पाहुणा' म्हणतात. मला नाही म्हणवत. पाहुणा आपल्या पायांनी येतो.

वेंगुर्ल्याच्या खडकांची गोष्ट मात्र निराळी. भर समुद्रातले ते कातळ, कुत्र्यामांजरांचा उपद्रव नाही, म्हणून ब्रायडल्ड टर्न हे समुद्रपक्षी पावसाळ्यात तिथे आपणहून घरटी करतात.

सप्टेंबरात बोटीवर जाशील तेव्हा पहिलं वादळी पाखरू किनाऱ्यापासून किती अंतरावर दिसलं, ते वहीत टिपून ठेव. खोलीही विचार तांडेलाला. मला दोन्ही आकडे हवेत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सदा