हत्ती भायखळ्यात, घोडाही भायखळ्यात; ‘मुंबई दर्शन’ मात्र जुहूला

महोदय,

मे महिन्याच्या सुटीत माझी आत्तेबहीण मुलांना घेऊन अकोल्याहून आली, तेव्हा ‘मुंबई दर्शन’च्या एका खासगी बसची तिकिटे काढून मीही त्यांच्याबरोबर निघालो. चाळीस वर्षे लालबागला राहूनही आपलेच शहर पाहुण्यासारखे कधी पाहिले नव्हते. गेटवे, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, हाजी अली असे करीत बस जुहूला पोहोचली आणि दिवसाचा बराचसा उत्तरार्ध सिनेनटांच्या बंगल्यांची बंद फाटके पाहण्यात गेला. त्याबद्दल तक्रार नाही. पाहुण्यांना त्याची हौस असते. तक्रार आहे ती वाटेत जे गाळले जाते त्याबद्दल, आणि ती सुचली भाच्याच्या एका प्रश्नामुळे.

दोन दिवसांनी, मंगळवारी, आम्ही घारापुरीला गेलो. (सोमवारी लेणी बंद असतात, हे पाहुण्यांना आधी सांगितलेले बरे.) गेटवेहून लाँचने तासाभराचा प्रवास, मग चढण, आणि मग अंधारातून हळूहळू उजळत जाणारी सुमारे वीस फूट उंचीची ती त्रिमुखी शिवमूर्ती. तिच्यासमोर मुलेही गप्प झाली. बाहेर आल्यावर नऊ वर्षांच्या भाच्याने विचारले, “मामा, एलिफंटा म्हणजे हत्तीचं ना? मग हत्ती कुठे आहे?” जवळच उभ्या असलेल्या एका वाटाड्याने “तो पोर्तुगीज घेऊन गेले” असे ठोकून दिले. खरे तर पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले ते धक्क्याजवळ उभ्या असलेल्या दगडी हत्तीमुळे, आणि तो हत्ती त्यांनी नेला नाही. 1814 साली त्याची मान तुटून पडली, पुढे धडही कोसळले. 1864 च्या सुमारास त्याचे तुकडे मुंबईत आणून भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात, ठेवण्यात आले आणि 1914 साली ते पुन्हा जोडून हत्ती उभा केला गेला. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आजही उभा आहे. हे सांगणारा फलक घारापुरीच्या धक्क्यापासून लेण्यांपर्यंत आम्हाला कोठेही दिसला नाही.

फोर्टातील काळा घोडा चौकाची गोष्टही अशीच. तेथे आज दिसणारा, पाठीवर स्वार नसलेला घोडा 2017 साली बसवलेला आहे. मूळ पुतळा प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा, आणि तो अल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला. मुंबईकरांनी स्वाराला खिजगणतीतही न धरता त्याच्या घोड्याचेच नाव चौकाला दिले. 1965 साली पुतळा तेथून हलवून राणीच्या बागेत नेण्यात आला. दर वर्षी काळा घोडा महोत्सवाला लोटणाऱ्या गर्दीपैकी किती जणांना ठाऊक असेल की ज्याच्या नावाने आपण जमलो आहोत, तो भायखळ्याला राहतो? ससून कुटुंबाचा संबंध येथे एवढ्यावर संपत नाही. अल्बर्ट यांचे वडील डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोराही भायखळ्याच्या याच आवारात आहे.

त्याच परिसरात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा आहे. तो पूर्वी फोर्टात होता, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला, आणि त्याला 1896 साली दामोदर चाफेकरांनी डांबर फासले होते. ज्या वस्तूशी आपल्या क्रांतिकारकांचे नाव असे थेट जोडलेले आहे, तिच्याजवळून आपण पेंग्विनच्या रांगेत नंबर लावण्याच्या घाईत निघून जातो. पेंग्विन पाहू नयेत असे माझे म्हणणे नाही; माझ्या भाच्यांनी ते पाहिले आणि त्यांना तेच सर्वांत आवडले.

संग्रहालयाविषयी वेगळे काय लिहावे? 1872 साली लोकांसाठी खुली झालेली ही वास्तू ज्यांच्या खटपटीतून उभी राहिली, त्यांत जगन्नाथ शंकरशेट होते आणि गोव्यातील मांद्र्याहून येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टर झालेले भाऊ दाजीही होते. कुष्ठरोगावर उपचार शोधता शोधता शिलालेख वाचणाऱ्या या माणसाचे नाव संग्रहालयाला मिळायला 1975 साल उजाडावे लागले. भायखळ्यातच दोन उड्डाणपुलांच्या बेचक्यात सापडलेला ‘खडा पारशी’ हा पुतळा आहे, आणि 2022 साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळालेले रेल्वे स्थानक आहे, ज्यातून आमच्यासारखे हजारो लोक रोज मान वर न करता ये-जा करतात.

माझी विनंती मोठ्या खर्चाची नाही. घारापुरीच्या धक्क्यावर आणि काळ्या घोड्याच्या चौकात मराठी, हिंदी व इंग्रजीत एकेक फलक लावावा आणि मूळ हत्ती व मूळ घोडा कोठे आहे, तेथे कोणत्या स्थानकावर उतरून जायचे, हे त्यावर लिहावे. सहली नेणाऱ्यांनी भायखळ्यासाठी तासभर राखावा. दक्षिण मुंबईतून उपनगरांकडे जाताना त्यासाठी फार वाकडी वाटही करावी लागत नाही. वाटाड्यांना परवाने देताना त्यांची थोडी परीक्षा घेता आली, तर पोर्तुगीजही विनाकारण बदनाम होणार नाहीत.

भाच्याला मी गुरुवारी हत्ती दाखवला. सांधे जुळवलेल्या रेषांवर बोट ठेवून तो बराच वेळ तुकडे मोजत होता, आणि त्याचा आकडा दर वेळी वेगळा येत होता. खरे तर आम्ही बुधवारीच गेलो होतो. तेव्हा फलकावर साप्ताहिक सुटीचा वारही अवश्य लिहावा; चाळीस वर्षे शेजारी राहूनही मला तो बंद फाटकासमोर उभे राहिल्यावर कळला.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई