प्रौढ गिनीपिगच्या पेलेट्सबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: पिशवीवरील दिशाभूल करणारे नाव, कॅल्शियमची अपुरी माहिती आणि घातक खाद्यसूचना

महोदय,

आपल्या पेलेट्सच्या (दाबून केलेल्या कोरड्या खाद्यगोळ्यांच्या) पिशवीच्या दर्शनी भागावर ‘टिमोथी पेलेट्स, प्रौढ गिनीपिगसाठी’ असे ठळक छापले आहे. मागच्या घटकयादीत मात्र पहिले नाव अल्फाल्फाचे (लसूणघासाचे) आहे, टिमोथी (एक प्रकारचे गवत) तिसऱ्या क्रमांकावर आहे, आणि शेवटी कॅल्शियम कार्बोनेट वेगळे घातलेले आहे. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. म्हणजे हे खाद्य मुळात अल्फाल्फाचे आहे, आणि अल्फाल्फात टिमोथीच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम असते. सुमारे सहा महिन्यांपर्यंतच्या पिलांना, गाभण किंवा पाजणाऱ्या मादीला ते चालते. प्रौढ प्राण्याला रोज नको.

कारण आपल्या आहारतज्ज्ञांना ठाऊक असणारच. गिनीपिगचे आतडे गरजेपुरते कॅल्शियम घेऊन थांबत नाही. खाण्यात जास्त आले की जास्त शोषले जाते आणि उरलेले लघवीवाटे बाहेर टाकावे लागते. ही लघवी अल्कधर्मी असते, त्यामुळे कॅल्शियम कार्बोनेटचे कण तिच्यात सहज साचतात: आधी जाड गाळ, मग मूतखडा. एकदा झालेला खडा आहार बदलून वा औषधाने विरघळत नाही, बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच करावी लागते, आणि त्यानंतरही तो पुन्हा होऊ शकतो. नराच्या मूत्रनलिकेत अडकला तर लघवी तुंबून जिवावर बेतते. सगळा दोष कॅल्शियमचा नसतो. पाणी कमी पिणे, हालचाल नसणे आणि त्या प्राण्याची मूळ प्रवृत्ती हीही कारणे आहेत. पण पाळणाऱ्याच्या हातात आहार असतो, आणि तो पिशवीवर विश्वास ठेवून ठरवला जातो.

विश्लेषणात ‘कॅल्शियम किमान ०.६ टक्के’ एवढेच आहे. खड्याच्या दृष्टीने हा आकडा निरुपयोगी आहे. प्रत्यक्षात १.२ टक्के असले तरी ‘किमान ०.६’ खरेच ठरते. आम्हाला कमाल मर्यादा हवी आणि शेजारी फॉस्फरसही हवा, कारण दोन्हींचे प्रमाण साधारण दीडास एक ते दोनास एक असावे लागते.

सर्वांत गंभीर बाब म्हणजे ‘वाटी कायम भरलेली ठेवा’ ही सूचना. प्रौढ गिनीपिगला दिवसाला अष्टमांश कप, म्हणजे दोन मोठे चमचे पेलेट्स पुरतात. वाटी भरलेली असली की तो वाळले गवत सोडून पेलेट्सच खातो. मग कॅल्शियम वाढते, तंतू घटतात, सतत वाढणारे दात झिजत नाहीत. कायम भरलेले ठेवायचे ते टिमोथीसारखे गवत. सोबत ताजे पाणी, आणि ढोबळी मिरची, लेट्यूस अशी पाणीदार भाजी, जी धुऊन ओलीच घातली तर लघवी पातळ राहायला मदत होते. पार्सली, केल, पालक या पालेभाज्या रोज नकोत. यातले एक अक्षरही पिशवीवर नाही. उलट आत चाटायचा क्षारांचा खडा ‘मोफत भेट’ म्हणून टाकला आहे. चांगले खाणाऱ्या गिनीपिगला त्याची गरज नसते, आणि ज्याला मूतखड्याचा त्रास होऊन गेला आहे त्याच्यासाठी ती भेट थेट अपायकारक आहे.

शिवाय उत्पादनाची तारीख किमतीच्या चिकटपट्टीखाली झाकली गेली आहे. साठवणीत गिनीपिगला खाण्यातूनच मिळावे लागणारे क जीवनसत्त्व घटत जाते, म्हणून ती तारीख दिसलीच पाहिजे.

आमची मागणी: या तुकडीचा कॅल्शियम व फॉस्फरसचा प्रयोगशाळा अहवाल लेखी द्यावा. पिशवीचे नाव घटकांशी जुळवावे किंवा घटक नावाशी जुळवावेत, आणि प्रौढांच्या खाद्यात वरून घातलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचे कारण सांगावे. खाद्यसूचना बदलावी, क्षारांचा खडा देणे बंद करावे. दुकानांत गेलेल्या मालावर तोवर दुरुस्तीची पट्टी लावावी, कारण छपाई बदलायला वेळ लागेल आणि मधल्या काळात ही पिशवी विकली जातच राहील. खरेदीची रक्कम परत मिळावी.

पिशवीच्या सर्व बाजूंचे फोटो, तुकडी क्रमांक आणि पावती सोबत जोडली आहे. उत्तर लेखी द्यावे.

कळावे,
आपला ग्राहक