दादांना फोन दे

लंडन, रविवार

प्रिय नंदा,

तुझं पत्र वाचलं आणि जीव कळवळला. दादांच्या बायपासला चार महिने झाले, टाके सुकले, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको चांगला आला, तरी ते खोलीतून बाहेर पडत नाहीत, पेपरची घडीसुद्धा मोडत नाहीत. वहिनी म्हणतात, ऑपरेशननंतर माणूस असाच होतो. नंदा, हे तू मान्य करू नकोस.

हार्ट अटॅक आलेल्या दर पाच जणांमागे साधारण एकाला डिप्रेशन येतं. मॉन्ट्रियलमध्ये 222 रुग्णांवर अभ्यास झाला होता, 1993 मध्ये तो छापून आला. अटॅकनंतर ज्यांना डिप्रेशन होतं, त्यांच्यात पहिल्या सहा महिन्यांत मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. तुला घाबरवायला लिहीत नाही. पण मन खचलं की गोळ्या चुकतात, चालणं बंद होतं, सुटलेली बिडी परत हातात येते. हृदयाला हे सगळं सोसावं लागतं.

इथे दवाखान्यात माझ्याकडे एक आजोबा यायचे, निवृत्त बस ड्रायव्हर. बीपी बघून झाल्यावर मी त्यांना गोळ्यांचा डबा दाखवायला सांगितलं. गुरुवार होता. सोमवारपासूनचे सगळे कप्पे भरलेले. मी काही बोलले नाही, तेच म्हणाले, "घेऊन करायचंय काय?" मग मी विचारलं, तुम्हाला काय करावंसं वाटतं? त्यांना रविवारी चर्चला पायी जायचं होतं, पण बस स्टॉपपर्यंत गेलं की छाती आवळायची आणि ते घाबरून परत फिरायचे. आधी डॉक्टरांकडून छातीची नीट तपासणी करून घेतली. मग ठरलं, छाती आवळली तर जिभेखाली मारायचा स्प्रे खिशात ठेवायचा आणि दर आठवड्याला दोन दिव्याचे खांब पुढे जायचं. मी दर मंगळवारी सकाळी फोन करायचे. पहिले तीन मंगळवार नुसतं हो-नाही. चौथ्या मंगळवारी ते आपणहून म्हणाले, "सिस्टर, काल बुटांना पॉलिश केलं."

मला त्या दिवशी किती बरं वाटलं, ते तुलाच कळेल.

ही काही माझी युक्ती नाही गं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात 14 दवाखान्यांतल्या 214 रुग्णांवर हे करून पाहिलं, 2010 मध्ये निष्कर्ष आले. डिप्रेशन आणि सोबत मधुमेह किंवा हृदयविकार, किंवा दोन्ही. सिस्टर दोन-तीन आठवड्यांनी भेटायची, औषधं आणि मन दोन्ही बघायची, आणि दर आठवड्याला डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ तिच्यासोबत बसून प्रत्येक केस बघायचे. वर्षभरात डिप्रेशन, साखर, कोलेस्टेरॉल, बीपी, चारही सुधारले. इथे दक्षिण लंडनमध्ये 81 जणांवर लहान प्रयोग झाला, त्यात सिस्टरची अशी साथ मिळालेला गट आणि नेहमीचे उपचार घेणारा गट, यांच्या उदासीत तसा फरक दिसला नाही, पण साथ मिळालेल्यांच्या छातीत दुखण्याच्या तक्रारी कमी झाल्या आणि स्वतःला सांभाळण्याचा विश्वास वाढला. मला तेही थोडं वाटत नाही.

आठवतं, आपण दोघी वॉर्डात "टेन्शन घेऊ नका" म्हणायचो आणि पुढच्या खाटेकडे जायचो? चाळीस खाटा आणि दोन सिस्टर, वेळच नव्हता. पण डिस्चार्जनंतर त्या माणसाला कोण विचारणार, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. आजही ती रुखरुख आहे.

तू दादांना दोनच गोष्टी विचार. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं झालं का? उदास, हताश वाटलं का? हो म्हणाले तर डिप्रेशन मोजायची नऊ प्रश्नांची ती प्रश्नावली (PHQ-9) घे. दहा किंवा जास्त गुण आले की डॉक्टरांकडे न्यायचंच. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, बहीण म्हणून तो गाळू नकोस. उत्तर 'हो' आलं तर त्यांना एकटं सोडू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ. रात्री-अपरात्री 14416 वर टेलि-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लागतो, मराठीतून बोलता येतं.

डिप्रेशनच्या गोळ्या लागल्याच तर हृदयरोग्यांना बहुधा सर्ट्रालिन देतात, जुन्या पद्धतीच्या गोळ्या टाळतात. रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत, हे डॉक्टरांना आवर्जून सांग, दोन्ही एकत्र घेतली तर रक्तस्राव वाढू शकतो. मेडिकलमधून परस्पर काही आणू नकोस.

मंगळवारी तुझी ड्युटी सुटली की व्हिडिओ कॉल लाव आणि फोन दादांच्या हातात दे. होस्टेलवर माझी ट्रंक त्यांनीच खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेली होती. तब्येतीचं मी नंतर विचारेन. आधी परसातल्या हापूसला मोहर आला का, ते त्यांनाच बघून सांगायला लावणार आहे.

तुझीच,
सुमन